आकडा हलला म्हणजे आजार हलला का? जुनाट आजारांच्या मोजमापाविषयी

मापाडी

जुनाट आजारात 'आहे की नाही' याचं उत्तर बहुतेक वेळा 'किती आहे' यावरून दिलं जातं, आणि ते 'किती' ज्या पट्टीने मोजतो तिच्याविषयी आपण फारच कमी बोलतो. हाड मोडलं तर क्ष-किरणात दिसतं. मधुमेह, उच्च रक्तदाब, नैराश्य, स्मृतिभ्रंश, जुनाट वेदना यांचं तसं नाही. तिथे निरोगी ते आजारी असा सलग चढ असतो आणि त्यावर कुठेतरी माणसांनीच एक रेघ मारलेली असते.

मधुमेहाचंच बघा. १९९७ मध्ये उपाशीपोटी साखरेची निदानाची रेघ १४० वरून १२६ वर आणली. १३० साखर असलेल्या माणसाच्या शरीरात त्या दिवशी वेगळं काही घडलं नव्हतं, पण तो मधुमेही ठरला. पुढे २००९ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय समितीने एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) ६.५ टक्के ही रेघ सुचवली. २०१० मध्ये अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती स्वीकारली. ही रेघ हवेतून आलेली नाही. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याला होणारी इजा कुठल्या पातळीपासून ठळकपणे वाढते, ते पाहून ती ठरवली. मला हे उदाहरण मोलाचं वाटतं, कारण रेघेमागे रुग्णाचं खरंखुरं नुकसान उभं आहे. सगळ्याच पट्ट्यांमागे इतकं भक्कम काही नसतं.

माझं काम क्लिनिकल ट्रायलमधली आकडेवारी तपासण्याचं, त्यातही बहुतांशी बुद्धी आणि स्मृतीच्या चाचण्यांचं. म्हणून थोडं त्याविषयी. एमएमएसई ही तीस गुणांची चाचणी फोलस्टीन आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये मांडली. तारीख सांगा, तीन शब्द लक्षात ठेवा, शंभरातून सात-सात वजा करत जा, एक वाक्य लिहा, एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन काढा. साधारण २४ च्या खाली गुण गेले की शंका घ्यायची, असा रिवाज पडला. पण १९९३ मध्ये सर्वसाधारण लोकसंख्येतल्या अठरा हजारांवर प्रौढांचे गुण प्रसिद्ध झाले, त्यात काय दिसलं? नऊ किंवा अधिक वर्षं शिकलेल्यांचा मध्यांक (निम्मे लोक ज्याच्या वर आणि निम्मे खाली, तो आकडा) २९. पाच ते आठ वर्षं शिकलेल्यांचा २६. आणि चार वर्षांपर्यंतच शाळा झालेल्यांचा २२! म्हणजे शेवटच्या गटातले निदान निम्मे लोक २४ च्या रेघेखाली. त्या सगळ्यांना स्मृतिभ्रंश नव्हता. चाचणी त्यांची शाळासुद्धा मोजत होती.

२००५ मध्ये आलेल्या मोका चाचणीने (मॉन्ट्रियलमध्ये तयार झालेली, हीसुद्धा तीस गुणांची) सुरुवातीच्या सौम्य घसरणीला पकडण्यात मोठी मजल मारली. मूळ अभ्यासात सौम्य बौद्धिक घट असलेल्यांपैकी ९० टक्के लोक मोकाने ओळखले, एमएमएसईने फक्त १८ टक्के. बारा किंवा त्याहून कमी वर्षं शिक्षण झालेल्यांना त्यात एक गुण वाढवून देतात. एका गुणाने शाळेचं अंतर भरून निघतं, हे मला कधीच पटलेलं नाही.

कुठलाही अभ्यास हातात आला की मी आधी बघतो, ही पट्टी कुणावर बेतली होती आणि आता कुणावर लावली आहे. मग बघतो, माणसात काहीच बदल झाला नसताना हा आकडा आपला आपण किती हलतो. आणि शेवटी, आकड्यात जो फरक पडला तो त्या माणसाला रोजच्या जगण्यात जाणवेल इतका आहे का. पहिल्या दोन गोष्टी पेपरात कुठेतरी सापडतात. तिसरी बहुतेक वेळा सापडत नाही, आणि रुग्णाला नेमकं तेच हवं असतं.

तुमचे अनुभव, शंका, विरोध सगळं येऊ द्या.


शेवंती

वाचनखूण साठवली. माझा प्रश्न घरचाच आहे. आईचे एमएमएसईचे गुण आधी २७ होते, नंतरच्या भेटीत २४, आणि परवा २६. २४ आले तेव्हा घरात कुणी नीट जेवलं नाही. २६ आल्यावर भाऊ म्हणाला, औषध लागू पडलं. डॉक्टरही 'छान' म्हणाले आणि पुढची तारीख दिली. मला मात्र आईत तेव्हाही फरक दिसला नव्हता आणि आताही दिसत नाही. गॅस बंद करायला विसरणं, एकच गोष्ट तीनदा विचारणं, हे तसंच चालू आहे. मग या आकड्यांचं मी करू काय?


मापाडी

शेवंती, तुम्हाला जे दिसतंय ते आकड्यापेक्षा कमी दर्जाचं नाही, हे पहिल्यांदा सांगतो.

एमएमएसईत एकाच माणसाचे गुण दोन वेळांत दोन-तीनने इकडेतिकडे होणं अगदी नेहमीचं आहे. हा फरक खरा आहे असं भरवशाने म्हणायचं तर साधारण दोन ते चार गुणांचा बदल लागतो, असं वारंवार केलेल्या मोजणीच्या अभ्यासांतून दिसतं. म्हणजे २७, २४, २६ ही मालिका 'पडली आणि सावरली' अशीही वाचता येते, आणि 'साधारण २५-२६ च्या आसपास आहे, मोजणी हलते आहे' अशीही. हातात तीनच आकडे असताना मी दुसरं वाचन आधी धरेन.

त्यात आणखी दोन गोष्टी मिसळतात. तेच प्रश्न पुन्हा विचारले की माणूस सरावतो. स्मृती कमी झालेला माणूससुद्धा थोडा सरावतो, निदान चाचणीच्या वातावरणाला तरी. आणि एखादा आकडा अनपेक्षित खाली आला की पुढचा बहुधा नेहमीच्या पातळीकडे परततो, मग मधल्या काळात औषध दिलेलं असो वा नसो. म्हणून तर ट्रायलमध्ये दुसरा गट ठेवावा लागतो, ज्याला ते औषध मिळत नाही. तो गट नसेल तर एकट्या माणसाच्या वर गेलेल्या गुणांवरून 'औषध लागू पडलं' असं म्हणता येत नाही. लागू पडलं असेलही, पण या तीन आकड्यांवरून ते कळणार नाही.


नाडी

मी वैद्यकीय व्यवसायात आहे, ज्येष्ठ रुग्ण बरेच पाहतो. मापाडी यांच्या मुद्द्याला दवाखान्याच्या बाजूने थोडी जोड.

छाननी आणि निदान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एमएमएसई आणि मोका छाननीसाठी आहेत. गुण कमी आले तर 'पुढे तपासा' एवढाच त्यांचा निरोप असतो. निदानासाठी मला जवळच्या माणसाशी बोलावे लागते, आणि अनेकदा रुग्णापेक्षा जास्त वेळ त्यांच्याशीच. त्यासाठीही पट्ट्या आहेत. आयक्यूकोड नावाच्या प्रश्नावलीत नातेवाइकाला विचारतात, की दहा वर्षांपूर्वीच्या तुलनेत ही व्यक्ती आता वस्तू कुठे ठेवल्या ते आठवणे, नवीन यंत्र वापरायला शिकणे, पैशांचे व्यवहार सांभाळणे यांत कशी आहे. तुलना त्या माणसाची त्याच्याशीच असल्यामुळे शाळा किती झाली याचा परिणाम यात बराच कमी होतो. शेवंती, तुमचे 'गॅस बंद करायला विसरणे' या प्रश्नांच्याच जातीचे आहे. ते डॉक्टरांना स्पष्ट सांगितले आहे ना?

गुण अचानक घसरले तर मी आधी बाकीची कारणे शोधतो. थायरॉइड, ब१२, नैराश्य, अपुरी झोप, कमी ऐकू येणे, लघवीतला संसर्ग. आणि औषधे! झोपेच्या गोळ्या, ॲलर्जीच्या काही जुन्या गोळ्या, लघवी वारंवार होऊ नये म्हणून दिलेली काही औषधे स्मृतीवर परिणाम करतात. ज्येष्ठांच्या औषधांच्या पिशवीत यातले काहीतरी सापडतेच. नातेवाइकांनी सगळी औषधे, दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेलीसुद्धा, एकत्र घेऊन यावीत.


उत्तरायण

छाननीचा विषय निघालाच आहे तर एक गणित करून बघू. मोकाच्या मूळ अभ्यासातले आकडे घेतो. ज्यांना घट आहे त्यांतले ९० टक्के ती पकडते, आणि ज्यांना नाही त्यांतल्या ८७ टक्क्यांना 'नाही' म्हणते. ऐकायला उत्तम.

आता ही चाचणी १००० लोकांवर लावा, ज्यांतल्या ५० जणांना खरोखर घट आहे. पन्नासातले ४५ पकडले जातील. उरलेल्या ९५० पैकी १३ टक्के, म्हणजे सुमारे १२४ जणांना ती चुकून 'आहे' म्हणेल. 'आहे' असा शिक्का बसलेले एकूण १६९, त्यांत खरे ४५. चारांतल्या जेमतेम एकाला आजार.

तीच चाचणी स्मृती-चिकित्सालयात लावा, जिथे येणाऱ्यांपैकी निम्म्यांना घट असते. १००० मध्ये ५०० खरे, त्यातले ४५० सापडले. बाकी ५०० तले ६५ चुकीचे. आता शिक्का बसलेल्यांपैकी जवळजवळ ८७ टक्के खरे आहेत.

चाचणी तीच, रेघ तीच. बदलली ती समोरची माणसं. म्हणून फोनवर कुणीही करावी अशा 'स्मृती तपासा' चाचण्यांची मला धास्ती वाटते. त्या पहिल्या प्रकारच्या गर्दीवर लावल्या जातात आणि निकाल वाचताना माणूस दुसऱ्या प्रकारचा भरवसा ठेवतो.

अजून एक. अनेक चाचण्यांचा पहिला अभ्यास ठणठणीत निरोगी आणि उघड आजारी अशा दोन टोकांच्या गटांवर होतो. तिथे कुठलीही चाचणी चमकते. अडचण मधल्या लोकांची असते, आणि दवाखान्यात मधलेच लोक जास्त येतात. रॅन्सहॉफ आणि फाइनस्टाइन यांनी १९७८ मध्येच हा धोका दाखवून दिला होता. मोकाची २६ ची रेघही पुढच्या अभ्यासांत अनेकांना फार वर वाटली. ती २३ च्या आसपास आणावी असं सुचवलं गेलं, कारण निरोगी लोक फार अडकत होते.


पाऊलवाट

उत्तरायण, +१. हे गणित पहिल्यांदाच समजलं.


तिसरा_मजला

सगळं वाचलं. पण मला वाटतं तुम्ही भूतकाळाशी भांडताय. पंचकोन काढा, शब्द आठवा हे सगळं आता जाणार. रक्तातल्या पी-टाऊ२१७ या प्रथिनावरून अल्झायमर कळतो. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि चाचण्यांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) अशा रक्तचाचणीला परवानगीही दिली. रक्ताला शाळा माहीत नसते, मूड नसतो, सराव नसतो. वस्तुनिष्ठ मोजमाप आलं की हे सगळे वाद संपतील.


नाडी

तिसरा_मजला, रक्तचाचणी ही मोठीच प्रगती आहे. पूर्वी ज्यासाठी महागडे पेट स्कॅन किंवा पाठीतून पाणी काढावे लागे, ते आता एका नळीवर येत आहे. पण ती परवानगी ५५ वर्षांवरच्या आणि लक्षणे असलेल्या लोकांसाठी आहे. सरसकट छाननीसाठी नाही.

रक्ताला शाळा माहीत नसते हे खरे, पण मूत्रपिंड माहीत असते. मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तातले पी-टाऊ वाढलेले दिसू शकते. एचबीए१सीचेही तसेच. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि त्या काळात त्यांना किती साखर चिकटली ते आपण मोजतो. पेशी लवकर मरत असतील तर आकडा खोटा कमी येतो. लोहाच्या कमतरतेत तो खोटा वाढू शकतो. रक्तातल्या क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडाची ताकद काढतो, पण क्रिएटिनिन स्नायूंतून येते, म्हणून कृश झालेल्या वृद्धाचा आकडा त्याच्या मूत्रपिंडाला आहे त्यापेक्षा निरोगी दाखवतो. प्रयोगशाळेतून आलेला आकडाही कुठल्यातरी शरीरातूनच आलेला असतो.

आणि मेंदूत अमायलॉइड (अल्झायमरमध्ये साठणारे प्रथिन) असणे म्हणजे आजारी असणे का? ज्यांची बुद्धी तपासणीत शाबूत आहे अशा वृद्धांमध्येही बऱ्याच जणांच्या स्कॅनमध्ये अमायलॉइड दिसते. २०२४ च्या अल्झायमर्स असोसिएशनच्या निकषांनी आजाराची व्याख्या जैविक खुणांवर नेली. त्याच वर्षी दुसऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने जाहीर असहमती नोंदवली, की खूण आहे पण लक्षणे नाहीत अशा माणसाला आजारी न म्हणता जोखीम असलेला म्हणावे. लक्षणे नसलेल्यांची या खुणांसाठी नेहमीच्या व्यवहारात तपासणी करू नये, यावर मात्र दोन्ही बाजूंचे एकमत आहे. मी स्वतः दुसऱ्या बाजूचा आहे. धडधाकट माणसाच्या हातात 'अल्झायमर' लिहिलेला कागद देण्यापूर्वी त्याला त्याचा काय उपयोग, हे मला सांगता आले पाहिजे.


मापाडी

नाडी यांच्या उत्तराला जोडून. जैविक खुणा आल्या तरी औषध उपयोगी आहे का, हे शेवटी माणसाच्या कामकाजावरच ठरतं, आणि तिथे आपण पुन्हा पट्टीपाशी येतो.

लेकॅनेमॅब या अल्झायमरवरच्या, अमायलॉइड कमी करणाऱ्या औषधाची ट्रायल बघा. १७९५ रुग्ण, १८ महिने. मोजमाप सीडीआर-एसबी या पट्टीवर. स्मृती, स्थळकाळाचं भान, निर्णयक्षमता, बाहेरचे व्यवहार, घरकाम आणि छंद, स्वतःची काळजी अशा सहा गोष्टींविषयी रुग्णाशी आणि जवळच्या माणसाशी बोलून ० ते १८ गुण देतात, जास्त म्हणजे वाईट. औषध मिळालेला गट १.२१ ने घसरला, दुसरा १.६६ ने. फरक ०.४५. मेंदूतलं अमायलॉइड तर स्कॅनमध्ये भरपूर कमी झालेलं दिसलं. योगायोगाने असा फरक पडण्याची शक्यता फार कमी होती, म्हणून निकाल सकारात्मक ठरला आणि जुलै २०२३ मध्ये अमेरिकेत औषधाला पूर्ण मंजुरी मिळाली.

पण एका रुग्णाला या पट्टीवर एका पायरीने हलवायचं तर बहुतेक ठिकाणी अर्ध्या गुणाची उडी लागते. म्हणजे सरासरी फरक सर्वांत लहान पायरीपेक्षाही थोडा कमी. डॉक्टरांना अर्थपूर्ण वाटेल असा बदल म्हणून सौम्य घट असलेल्यांसाठी सुमारे एक गुण आणि सौम्य अल्झायमरसाठी सुमारे दोन गुण असे अंदाज आधीच प्रसिद्ध झाले होते. दुसरीकडे, औषधाच्या बाजूने बोलणारे म्हणतात की ते आकडे एका माणसातल्या बदलाचे आहेत, दोन गटांच्या सरासरीतल्या फरकाला ते लावणं बरोबर नाही, आणि आजार वर्षानुवर्षं चालतो त्यामुळे लहान फरक साठत जाऊ शकतो. पहिला आक्षेप मला तांत्रिकदृष्ट्या मान्य आहे. दुसरा अजून सिद्ध व्हायचा आहे. औषध घेणाऱ्या गटात १२.६ टक्के लोकांच्या मेंदूत सूज दिसली, दुसऱ्या गटात १.७ टक्के, हेही त्याच तराजूत ठेवावं लागतं. बहुतेकांना तिची लक्षणं नव्हती, तरी तिच्यासाठी वारंवार एमआरआय आलेच.

यात वाईट वाटतं ते याचं, की कुटुंबाला बातमी '२७ टक्क्यांनी आजार मंदावला' अशी मिळते. आकडा बरोबर आहे, १.६६ आणि १.२१ वरूनच काढलेला. पण ०.४५ ऐकून कुटुंब जो निर्णय घेईल तोच २७ टक्के ऐकून घेईल का? दोन्ही सांगायला हवेत, एकाच दमात.


कवडसा

मी इथे रुग्ण म्हणून लिहिते आहे. एमई/सीएफएस, म्हणजे विश्रांतीने न जाणाऱ्या जुनाट थकव्याचा आजार, बरीच वर्षं. माझ्या आजाराची रक्तचाचणी नाही, स्कॅन नाही. सगळे रिपोर्ट नॉर्मल आणि मी अंथरुणात. 'रिपोर्ट तर चांगले आहेत की' हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता उत्तरही देत नाही. मोजता येत नाही ते नाहीच, असं धरून चालणारी माणसं फार आहेत.

पट्टीवर काय घडू शकतं याचं आमच्याकडचं उदाहरण म्हणजे पेस ट्रायल. ६४१ रुग्ण, २०११ मध्ये निकाल. टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवणं आणि वर्तनोपचार यांनी फायदा होतो असा निष्कर्ष. शारीरिक क्षमता मोजली ती एसएफ-३६ या प्रश्नावलीच्या ० ते १०० च्या पट्टीवर, जास्त म्हणजे चांगलं. ट्रायलमध्ये घ्यायचं तर ६५ किंवा कमी गुण हवे होते, इतका माणूस आजारी. 'बरा झाला' म्हणायला मूळ आराखड्यात ८५ गुण होते. २०१३ मध्ये बरं होण्याविषयीचा लेख आला तेव्हा ती अट ६० वर आणलेली होती. म्हणजे एखादा माणूस ६५ गुणांनी आजारी म्हणून आत येऊन, ६० वर घसरून, या एका निकषापुरता 'बरा' ठरू शकत होता! बाकीचे निकष होतेच, पण ही एक गोष्ट डोळ्यांसमोर असताना ते कसं चाललं, हे मला अजून उमगत नाही. रुग्णांनी माहितीच्या अधिकाराखाली लढून २०१६ मध्ये मूळ आकडे मिळवले. मूळ निकष लावून फेरमांडणी केली तेव्हा बरं झालेल्यांचं प्रमाण बरंच खाली आलं. २०२१ मध्ये ब्रिटनच्या नाइस या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या संस्थेने ठरावीक पायऱ्यांनी व्यायाम वाढवण्याचा उपचार या आजारासाठी देऊ नये असं सांगितलं.

अजून एक म्हणायचंय. माझ्या आजाराचं मुख्य लक्षण म्हणजे श्रम केल्यावर एक-दोन दिवसांनी येणारी कोसळण. ज्या दिवशी मी दवाखान्यात पोचू शकते तो माझा चांगला दिवस असतो. तपासणी त्या दिवशीची, परिणाम नंतरच्या दिवसांचे, आणि ते कुणी मोजत नाही. काही संशोधक लागोपाठ दोन दिवस श्रमचाचणी घेतात, ते या कारणासाठी. पण गंभीर रुग्णाला ती चाचणीच झेपत नाही. म्हणजे जो सर्वांत आजारी तो अभ्यासात येतच नाही.


उत्तरायण

कवडसा, लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. निकाल हातात आल्यावर किंवा येत असताना निकष बदलू नयेत म्हणून आता ट्रायलची नोंदणी आधी करायची, मुख्य मोजमाप आधी जाहीर करायचं, असे नियम आहेत. तुम्ही सांगितलेली गोष्ट त्या नियमांची गरज कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा चांगली पटवते.

पट्टीतच काय दडलेलं असतं त्याचं एक उदाहरण. नैराश्य मोजायची हॅमिल्टनची पट्टी १९६० ची, १७ मुद्दे, कमाल ५२ गुण. त्यातले तीन मुद्दे झोपेचे, मिळून ६ गुण. आता ज्या औषधाने निव्वळ झोप येते, त्याने मन तसंच राहूनही गुण उतरू शकतात. आणि तीन गुणांचा फरक हा अर्थपूर्ण मानण्याची प्रथा होती. ट्रायलचा निकाल वाचताना एकूण गुणांबरोबर कुठल्या मुद्द्यांवर फरक पडला तेही छापलं पाहिजे.


कवडसा

याचं उलटंही होतं. पीएचक्यू-९ या नैराश्याच्या प्रश्नावलीत थकवा, झोप, भूक, लक्ष न लागणं हे चार प्रश्न आहेत. प्रत्येकी ३ गुण म्हटले तर १२. रेघ १० ला. नैराश्य नसलेल्या पण शरीराने आजारी माणसाला इतके गुण सहज मिळतात. माझ्या फाइलवर नैराश्य असंच चढलं.


तिसरा_मजला

मूत्रपिंड आणि लोहाची गोष्ट मला माहीत नव्हती. वस्तुनिष्ठतेचा आग्रह मात्र सोडत नाही, कारण डॉक्टरांच्या निव्वळ अंदाजावर सोपवणंही धोक्याचं आहे.


नाडी

आग्रह सोडू नकाच. आमच्या अंदाजाची परीक्षाही झालेली आहे. १९९२ मध्ये लंडनच्या मेंदूपेढीतून अहवाल आला. हयातीत पार्किन्सन्सचे निदान झालेल्या १०० जणांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले, ७६ जणांमध्ये निदान बरोबर निघाले. डीएसएम-५ च्या (मानसिक आजारांच्या निदानाची अमेरिकन निकषपुस्तिका) पूर्वचाचणीत दोन तज्ज्ञांनी एकाच रुग्णाला स्वतंत्रपणे पाहिले, तेव्हा तीव्र नैराश्याच्या निदानावर त्यांच्या सहमतीचा कॅपा ०.२८ आला. कॅपात १ म्हणजे पूर्ण सहमती, ० म्हणजे नाणेफेकीने जेवढी जुळेल तेवढीच. ०.२८ फार कमी आहे. म्हणून पट्ट्या हव्यातच. पट्टी, प्रयोगशाळा आणि समोरचा माणूस, तिन्हींपैकी एकाच्या भरवशावर मी निदान करत नाही.


निशिगंध

मी चाचण्या घेते. रोजचं काम तेच. इतक्या चांगल्या चर्चेत खोलीत नेमकं काय घडतं ते कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

सर्वांत जास्त गुण जातात ते चष्मा आणि श्रवणयंत्र घरी राहिल्यामुळे. शब्द नीट ऐकूच आला नाही तर तो आठवणार कसा? मग ते स्मृतीच्या खात्यात लिहिलं जातं. दुसरं, सोबतचा माणूस. आईला उत्तर येत नाही हे बघवत नाही म्हणून मुलगा ओठ हलवतो, मुलगी तारीख पुटपुटते. प्रेमापोटीच, पण त्या दिवसाची चाचणी वाया जाते. मी आता सोबतच्यांना बाहेर बसायला सांगते आणि आधी समजावून सांगते, नाहीतर त्यांना राग येतो.

वेळेचा फरकही मोठा. पार्किन्सन्सच्या रुग्णाची औषधाच्या अमलातली आणि अंमल उतरल्यावरची तपासणी म्हणजे दोन वेगळी माणसं वाटावीत. म्हणून कागदावर शेवटची गोळी किती वाजता घेतली ते लिहावंच लागतं. पहिल्यांदा सकाळी आणि पुढच्या वेळी दमलेल्या संध्याकाळी तपासलं तर फरक आजाराचा की दिवसाचा? रक्तदाबातही हेच. पाच मिनिटं शांत बसणं, पाठीला टेकू, हात हृदयाच्या पातळीवर आधार देऊन ठेवणं, पाय एकमेकांवर न टाकणं, मोजताना न बोलणं, दंडाच्या मापाचा पट्टा. लहान पट्टा लावला तर दाब खोटा जास्त येतो. जिना चढून आलेल्या, बोलत असलेल्या माणसाच्या दंडाला पट्टा गुंडाळून आलेल्या आकड्यावर जन्मभराची गोळी सुरू होते, हे बघून मला फार त्रास होतो. दवाखान्यात जास्त आणि घरी नॉर्मल, किंवा त्याच्या बरोबर उलट, असे दोन्ही प्रकार असतात. म्हणून २४ तास लावून ठेवायचं यंत्र किंवा घरच्या नोंदी मागायला हव्यात.

आणि मापाडींनी सुरुवातीला मांडलेला शिक्षणाचा प्रश्न. तो सोडवायचा प्रामाणिक प्रयत्न झाला आहे. १९९० च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगढ भागात ज्येष्ठांच्या अभ्यासासाठी एमएमएसईवरून हिंदी चाचणी बनवली गेली, निरक्षर माणसांना देता येईल अशी. मूळ चाचणीत कागदावर 'डोळे मिटा' असं लिहिलेलं वाचून तसं करायचं असतं. हिंदीत चाचणी घेणारा म्हणतो, माझ्याकडे बघा आणि मी करतो तसंच करा, आणि स्वतः डोळे मिटतो. प्रश्नांचं रूपच बदललं, नुसता एक गुण वाढवून दिला नाही. चाचणी कशी जुळवून घ्यायची असते ते मी नव्या मुलांना हेच दाखवून शिकवते.


शेवंती

निशिगंध, आईचं श्रवणयंत्र! २४ आले त्या दिवशी ते दुरुस्तीला दिलेलं होतं. हे डॉक्टरांना सांगायचं असतं असं सुचलंही नाही. घरच्या घरी फोनवर दर आठवड्याला चाचणी घेत राहिले तर चित्र स्पष्ट होईल का?


निशिगंध

नको. दर आठवड्याला घेतली तर ती चाचणी पाठ होईल आणि आईला परीक्षेची धास्ती बसेल, ते वेगळंच. सहा महिन्यांनी ते वर्षाने, शक्यतो त्याच व्यक्तीकडून, त्याच सुमारास, श्रवणयंत्र लावून. मोकाच्या पर्यायी प्रती असतात, वेगळी प्रत वापरा अशी विनंती करा. मधल्या काळात एक वही ठेवा. गुण लिहू नका, घटना लिहा. काय विसरलं, पूर्वी हे जमायचं का, आठवण करून दिल्यावर जमलं का, आणि त्या दिवशी झोप, ताप, नवीन गोळी असं काही होतं का.


नाडी

वहीत आधीच्या तीनही चाचण्यांच्या तारखा आणि त्या दिवशी ऐकण्याची काय स्थिती होती तेही लिहा. डॉक्टरांना २४ हा आकडा बाजूला ठेवायला तेवढे कारण पुरे आहे. आणि गॅसचे सांगा, पहिल्याच वाक्यात. चाचणी २८ आली असती तरी त्यावर काहीतरी करायलाच हवे होते. आपोआप बंद होणारी शेगडी किंवा गॅसगळतीची सूचना देणारे यंत्र लावून घ्या, निदानाची वाट बघू नका.


पाऊलवाट

वेदनेची ० ते १० ची पट्टी राहिलीच. तिथे तर फक्त रुग्णाचा शब्द. माझी ७ आणि तुमची ७ एकच कशी?


मापाडी

एक नसतातच, आणि तशी तुलना करूही नये. तुमची ७ ची ५ झाली का, एवढंच बघायचं. जुनाट वेदनेच्या अनेक ट्रायल एकत्र करून २००१ मध्ये पाहिलं गेलं, की रुग्ण स्वतः 'बरंच बरं वाटतंय' म्हणतात तेव्हा आकडा किती उतरलेला असतो. सुमारे दोन गुण, किंवा सुरुवातीच्या ३० टक्के. इथे अर्थपूर्ण फरक किती, हे रुग्णांच्या तोंडून ठरवलं, म्हणून ही पट्टी साधी असूनही मला तिच्याविषयी आदर आहे. बाकी वेदनेवर लिहिण्यासारखं खूप आहे. त्याचा वेगळा धागा काढतो. कवडसा, तुमची हरकत नसेल तर पेस ट्रायलवर तुम्ही स्वतंत्र लेख लिहाल का? आकडे तपासायला मी मदत करेन.


कवडसा

लिहीन. वेळ लागेल, पण लिहीन.